फोनवरची पत्रिका

मोताळ्याची बस मलकापुरातून हलायला तयार नव्हती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

भावाचं, हरिओमचं, लग्न ठरलेलं. घरोघरी आमंत्रणाला फिरायला वेळ कुणाला आहे? म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, "पत्रिका फोनवर येईल, उघडून पाहा." मोताळ्याची सोजराबाई आत्या तेवढी रुसली.

आज सकाळी ओळखीच्या नंबरवरून मलाच एक पत्रिका आली. मी उघडली. पत्रिका कसली, फोन ताब्यात घेणारं ॲप होतं ते! तीच फाईल माझ्या नावानं सगळ्या नातेवाइकांना गेली. मी फोन बंद केला आणि शेजारच्या गीताबाईंच्या फोनवरून एकेकाला सावध केलं. आत्या मात्र उचलेना. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही शिकवण माझीच. बँकवाले म्हणाले, खातं थांबवायचं तर ज्याचं खातं त्यानंच कळवायचं.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आत्यानं दोन म्हशी विकल्या होत्या. ते पैसे बँकेत होते आणि ते खातं फोनला मीच जोडून दिलं होतं. देवा, तिचा रुसवा अजून गेलेला नसू दे, एवढंच मी वाटभर म्हणत होते.

आत्या दारातच बसली होती. मला पाहून तिचे डोळे भरून आले.

"आली वं माय! मले मालूम होतं, छाया सोता बलवाले येईन." गुडघा धरत ती कुंकू आणायला उठली.

"आत्या, फोनमधली पत्रिका उघडली का?"

"हाव ना. पयले रागानं तशीच ठेवली. मंग म्हटलं, भावाच्या घरचं कार्य हाय. ते घडीघडी इचारे, परवानगी देता का? शेजारची पुष्पांजली वाचून दाखवे. मी म्हटलं, दाब हो. आपल्या पोराच्या लग्नाले नाही कसं म्हनाव?"

मी कोनाड्यातला तिचा फोन ओढून घेतला. बँकेचे मेसेज एकाखाली एक आले होते. खात्यात काहीच उरलं नव्हतं.

आत्यानं पाट मांडला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"बैस. घरी येऊन बलावलं, माहा राग गेला. आता लग्नाआंधी गुडघ्याचं करून घेऊ, म्हंजे वरातीत नाचता येईन."

मला त्या पाटावर बसवेना.

"आत्या," मी म्हणाले, "मी बोलवायला नाही आले गं."