क्लिप मागं घेणार नाही

सिनेमातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते. मी लुंबिनी, लातूरला पोस्टात काउंटरवर बसते. रविवारी सिनेमा बघते आणि कसा वाटला ते फोनवर बोलून त्याची क्लिप कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकते. मागच्या महिन्यात एका हिरोनं दोनशे माणसं लोळवली, तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही. मी म्हटलं, तिकिटावर त्या इस्त्रीवाल्याचा पत्ता तरी छापा. नंतर शिकवणीवरचा एक पाहिला. त्यात डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी दोन गाण्यांत पास! आमच्या गल्लीतल्या होस्टेलात पोरींचे डोळे किती खोल गेलेत, ते कुणी येऊन बघावं. बायका हसतात, अंगठे पाठवतात, विषय संपतो.

या वेळी संपला नाही. कारण सिनेमात माझा धाकटा भाऊ संघपाल होता.

संघपालनं अठरा वर्षं जयंतीच्या नाटकांत कामं केली. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात शूटिंगला आलेल्या दिग्दर्शकानं त्याला चार वाक्यं दिली आणि पुढच्या सिनेमात मोठा रोल कबूल केला. तेव्हापासून तो जमिनीवर नव्हता. शूटिंगसाठी खऱ्या घरातली साडी पाहिजे म्हणून त्यानं मायची पांढरी साडीही नेली. मायनं ती आनंदानं इस्त्री करून दिली.

सिनेमा लागला तसं मी मायला घेऊन पहिल्याच रविवारी गेले. पडद्यावर एक विधवा पाटलाच्या पायावर लोळत होती, आणि तिच्या अंगावर मायची साडी होती. चिखलानं माखलेली.

आम्हा बौद्धांत पांढरं नेसतात ते पौर्णिमेला, जयंतीला, लग्नाला. संघपालच्या लग्नात माय हीच साडी नेसून मिरवली होती. आणि आमच्या गावात कुठली विधवा पांढरं नेसते? ती रीत फक्त सिनेमावाल्यांची. माय अंधारात हळूच म्हणाली, "लुंबे, माझी हाय का गं ती?" मी "हाव" म्हणाले. त्यानंतर तिनं वर पाहिलंच नाही.

घरी येऊन मी क्लिप केली. म्हटलं, हा सिनेमा खोटा आहे. ज्याला आमचा सण ओळखू येत नाही, त्यानं आमचं दुःख दाखवायला येऊ नये. कुणीतरी ती क्लिप पुढं पाठवली, ती फिरत फिरत पार बिलोलीच्या पाहुण्यांपर्यंत गेली आणि दिग्दर्शकापर्यंतही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघपाल घरी आला. चेहरा उतरलेला.

"अक्का, ते म्हणून राहिलेत, क्लिप काढ आन् चुकलं म्हणून टाक. न्हाई तर माझा रोल गेला."

"चुकलं न्हाई तर चुकलं कसं म्हणू?"

"तुझं काय जातंय? एक बोट तर लावायचंय!"

"मायचं गेलंय, ते दिसंना का तुला?"

माय आतून सगळं ऐकत होती, पण बाहेर आली नाही. संघपालनं चिडून दिग्दर्शकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला.

"ताई," आवाज अगदी मधाचा, "तुम्ही साध्या प्रेक्षक. सिनेमा बघायला एक नजर लागते."

"साधीच हाय मी. तिकीट काढून बसले होते."

"अहो, आम्ही तुमच्याच लोकांचं दुःख जगापुढं आणतोय."

"आणा की, कोण नको म्हणतंय? आमचं दुःख थोडं हाय का! पण आमच्या आनंदाला दुःखाचे कपडे म्हणून वापरू नका."

मग तो म्हणाला, "संघपाल, तू होतास ना सेटवर? सांग तुझ्या ताईंना. तुला काही चुकीचं वाटलं होतं का?"

संघपालनं माझ्याकडं पाहिलं. अठरा वर्षं त्या एका उत्तरावर येऊन थांबली होती आणि थांबवली होती मी.

"वाटलं होतं सर," तो म्हणाला. "मी सांगितलं बी होतं तुम्हाला. आमच्यात ही लग्नात नेसतात म्हणून. तुम्ही म्हणलात, लोकांना तसं कळत न्हाई. मग मी गप बसलो."

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, याच्या लक्षातच आलं नसेल.

"ठीक आहे. मग आपलं काम इथंच थांबलं," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मला रडू आलं. माझ्या भावाचं स्वप्न माझ्या तोंडानं मोडलं, हे खरंच होतं. तरी क्लिप काढावी असं एकदाही वाटलं नाही. मी नुसतं म्हणाले, "संघ्या, वाईट वाटतंय रे मला."

"तुझी क्लिप अर्धीच हाय अक्का," तो म्हणाला. "माझं नावच न्हाई त्यात."

त्यानं मायला हाक मारली, तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि माझा फोन तोंडाजवळ धरला.

"मी संघपाल. सेटवर मला सगळं माहीत होतं, आन् रोलसाठी मी गप बसलो," तो बोलायला लागला. पूर्ण वेळ तो मायच्या डोळ्यांत बघून बोलला.