सेंट लुडमिलाचं मंडळ

"मंडळ कुठलं, ते सांग आधी," फिलिस म्हणाली. "मंडळ नाही तर जेवण नाही. हा नियम काही मी काढलेला नाही."

आर्डिथ पोकोर्नी बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलंही नाही. चर्चच्या तळघरातल्या त्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली होती, आणि त्यातली बरीचशी फिलिस ब्रँडलकडून नियम ऐकण्यात.

नियम खरा होता. लिंडन फोर्क गावात कुणी गेलं, की दफनानंतरचं जेवण त्या घरची बाई चर्चमधल्या बायकांच्या ज्या मंडळात असेल त्या मंडळाने करायचं. हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, लिंबाच्या जेलीत घातलेलं किसलेलं गाजर आणि रग्गड कॉफी. ज्या घरी मरण आलं, त्या घरच्या माणसाने चमचासुद्धा विसळायचा नाही. विधवेसाठी पुढच्या टेबलाशी खुर्ची मांडायची, तिने तिथे बसायचं आणि लोकांनी येऊन तिचा हात हातात घ्यायचा. प्रत्येक मंडळाला एकेका संताचं नाव होतं, आणि भिंतीवरच्या खुंट्यांवर ज्या त्या बाईच्या नावाचं भरतकाम केलेले एप्रन.

एके काळी खुंट्या पुरत नसत. मग हातमोज्यांचा कारखाना बंद पडला, पोरं शिकून डेन्व्हरला, ओमाहाला गेली ती फक्त नाताळात तोंड दाखवू लागली, आणि एप्रन खुंट्यांवरच राहिले. सेंट लुडमिलाच्या मंडळात आता एकटी आर्डिथ उरली होती. दोन्ही गुडघे बदललेले, कानात यंत्र, जीभ मात्र मूळचीच. मंडळ बंद करून तिने आपल्या मंडळात यावं म्हणून फिलिस हात धुऊन तिच्या मागे लागली होती.

"मी गेल्यावर माझं जेवण करायला कुणी नाही, हे कळतं मला," आर्डिथ म्हणायची. "म्हणून जिवंतपणीच पाटी उतरवू की काय?"

गाव मात्र ओस पडलं नव्हतं. डुकराच्या मांसाचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग ग्वाटेमालाची माणसं आली. बंद दुकानांवर स्पॅनिश पाट्या चढल्या, शाळेत पुन्हा बाकं अपुरी पडू लागली, आणि 'ही माणसं आपली नव्हेत' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आपली जुनी घरं त्याच माणसांना चढ्या भाड्याने दिली. चर्चमध्ये तर सरळ वाटणीच होती. बाप्तिस्मे दुपारी स्पॅनिशमध्ये, दफनं सकाळी इंग्रजीत. त्यांच्यातलं कुणी गेलंच, तर वर्गणी काढून शव विमानाने मायदेशी पाठवत. या मातीत अजून त्यांचं कुणी नव्हतं.

एउसेबिओ त्सोकने तो शिरस्ता मोडला. कारखान्यातली यंत्रं धुणारा हा अबोल माणूस झोपेतच गेला. लोक वर्गणी काढायला निघाले, तेव्हा त्याच्या बायकोने, कांडेलारियाने, त्यांना दारातच थांबवलं. माझी मुलं इथे आहेत, तर त्यांचा बापही इथेच राहील, असं तिने सांगितलं आणि पुढे चर्चा केली नाही.

फिलिसचं म्हणणं एवढंच होतं, की ही बाई कुठल्याच मंडळात नाही, तर प्रार्थना व्हावी, दफन व्हावं आणि लोकांनी आपापल्या घरी जावं.

"लुडमिला," आर्डिथ म्हणाली.

"म्हणजे?"

"मंडळ विचारलंस ना? हे जेवण लुडमिलाच्या मंडळाचं."

"अगं, त्या मंडळात तू एकटी आहेस."

"म्हणून तर आमच्यात कधी मतभेद होत नाहीत."

फिलिस तरातरा फादरकडे गेली. फादर वयाने कोवळे आणि स्वभावाने भित्रे. दोघींचंही बरोबर आहे, असं म्हणून ते जिना चढून वर निघून गेले.

आर्डिथने जेवणाचा अंदाज बांधला तो गावच्या रीतीने. म्हातारी माणसं येतात, अर्धं सँडविच खातात, हवेबद्दल दोन शब्द बोलतात आणि उठतात. पण दफनाच्या दिवशी जिन्यावरून माणसं उतरतच राहिली. तान्ही बाळं घेऊन बाया आल्या, कारखान्यातली पाळी संपवून पुरुष परस्पर आले, आणि बसलेलं कुणी उठेना. जेली कुणी फारशी शिवली नाही. सँडविचं मात्र बघता बघता संपली.

एवढ्यात मागचं दार उघडलं. काळ्या कपड्यांतली कांडेलारिया आत आली, आणि तिच्या मागून दोन माणसांनी उचलून आणलेलं भलंमोठं पातेलं. मक्याचं पीठ पानात बांधून उकडलेल्या तमाल्यांची वाफ खोलीभर झाली. सोबत तिची भाची ओडिलिया होती. बँकेत नोकरीला असल्याने तिला दोन्ही भाषा येत.

आर्डिथ वाट अडवून उभी राहिली. "पोरी, मावशीला सांग, बाहेर जाऊन बस म्हणावं. खुर्ची मांडली आहे. नवरा गेलाय तिचा, आज तिने इथे कशाला हात लावायचा नाही."

ओडिलियाने सांगितलं. कांडेलारिया जागची हलली नाही. ती हळू आवाजात काहीतरी बोलली.

"मावशी म्हणते, आमच्यात घरच्यांनीच वाढायचं असतं, बाई. नाहीतर लोक म्हणतील, परक्या गावात बेवारशासारखा गेला."

"बघ," दारातून फिलिस म्हणाली. "त्यांच्या रीती वेगळ्या. मी सांगत होते."

आर्डिथला त्या खुर्चीची आठवण झाली. तिचा नवरा व्हर्न गेला तेव्हा तिला तिथेच बसवलं होतं. सगळ्या किती प्रेमाने वागल्या होत्या. आणि ती मांडीवर हात ठेवून बसली होती, त्या हातांचं काय करावं ते न कळून. जन्मभर ज्याला जेवू घातलं, त्याच्या शेवटच्या जेवणाला एक बटाटाही सोलू दिला नाही कुणी. त्याचा राग तिला आज आला, इतक्या वर्षांनी, आणि चांगलाच आला.

तिने खुंटीवरून आपल्या मंडळातल्या, केव्हाच वारलेल्या बर्निसचा एप्रन काढला.

"तो बर्निसचा आहे," फिलिस म्हणाली.

"बर्निसची काही तक्रार नाही."

"मंडळात कुणाला घ्यायचं तर सभा लागते, आर्डिथ. ठराव लागतो."

"सभा भरली आहे. सगळे सभासद हजर आहेत. ठराव मंजूर."



बर्निस ताडमाड होती. कांडेलारिया जेमतेम आर्डिथच्या खांद्याला लागत होती. एप्रन तिच्या बुटांवर लोळू लागला. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केलेली असतानाही आर्डिथ टेबलाला धरून त्या नव्या गुडघ्यांवर टेकली. आपल्या कॉलरला लावलेल्या टाचण्या काढून तिने एप्रनची खालची किनार चारी बाजूंनी दुमडून टाचली. कापली नाही.

मग तिला उठता येईना. फिलिस सवयीने पुढे झाली.

"राहू दे," आर्डिथ म्हणाली. "मंडळाचं काम मंडळ बघेल."

कांडेलारियाला भाषांतर लागलं नाही. तिने आर्डिथच्या काखेत हात घातले आणि तिला उभं केलं. मग दोघींनी पातेल्याचा एकेक कान धरला.

त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. फिलिसच्या नवऱ्याने, म्हाताऱ्या ब्रँडलने, पहिला तमाला पानासकट चावला, दुसरा सोलून खाल्ला आणि तिसरा मागून घेतला. वाढणं चाललंच होतं. विधवेसाठी मांडलेली खुर्ची जेवण संपेपर्यंत रिकामी राहिली.