डेल्फीनचा डावा गाल

डेल्फीन आर्डेनचा फक्त डावा गाल पडद्यावर दिसायचा, यावर हॉलिवूडमध्ये फार बोललं जायचं. कुणी म्हणे उजव्या गालावर नवऱ्यानं फेकलेल्या बशीचा व्रण आहे. कुणी म्हणे बाई माजली आहे. तिनं दोन्ही गोष्टी नाकारल्या नाहीत. माजलेल्या बाईला काम मिळतं, बहिऱ्या बाईला मिळत नाही.

मूकपटांच्या दिवसांत एका काऊबॉयनं तिच्या उजव्या कानाशी पिस्तूल उडवलं आणि तो कान कायमचा गेला. तेव्हा ऐकायचं होतं काय? पण सिनेमा बोलू लागला आणि बाईसाहेबांची तंतरली. दिग्दर्शक कॅमेऱ्याजवळून ओरडतो, संवाद सांगणारीही तिथेच बसते. म्हणून चांगला कान कॅमेऱ्याकडे हवा. चेहरा आपोआप डावा झाला.

या वेळी मात्र घोळ झाला. नायक क्लिफर्ड रॅंड यालाही आपला डावा गालच कॅमेऱ्याला द्यायचा होता, कारण त्याचा उजवा कान सुपासारखा बाहेर यायचा आणि डिंकानं चिकटवला तरी दिव्यांच्या उष्णतेनं सुटायचा. दोघं समोरासमोर उभे राहिले की एकाची उजवी बाजू आलीच.

"सोपं आहे," दिग्दर्शक ऑटो म्हणाला. "मॅडम, हा तुमच्या मागे उभा राहील. उजव्या खांद्यावरून वाकून कानात कुजबुजेल. काय ते प्रेक्षकांना ऐकू येणार नाही, वर व्हायोलिन वाजेल. त्याचं संपलं की तुम्ही रडायचं."

म्हणजे नेमका डेल्फीनचा गेलेला कान. स्टुडिओचा मालक सॉल ब्रॅनिगन खुर्ची टाकून बसला होता. तिचा करार संपत आला होता आणि तिच्या जागी आणायची कोवळी पोरगी त्यानं हेरून ठेवली होती. आज एक चूक झाली की दार दाखवायला तो मोकळा.

त्यात क्लिफर्डची खोड सगळ्यांना ठाऊक. असल्या प्रसंगात तो नट्यांच्या कानात अचकट विचकट बोलायचा, त्या फिसकन हसायच्या आणि बोलणी खायच्या. डेल्फीनला ती भीती नव्हती. तो कधी थांबतो, एवढंच तिला कळायला हवं होतं. सुदैवानं त्यानं जेवणात कांदा हाणला होता. मानेवरची ऊब आणि वास थांबला की ती रडायची.

क्लिफर्डनं आपला सगळा साठा उपसला. ती दर वेळी अशी काही रडली की दिवेवालेसुद्धा नाक ओढू लागले. शेवटच्या टेकला तो अगदी थोडंसंच बोलला. ती रडली. ऑटोनं कट म्हटलं.

क्लिफर्ड पुढे येऊन तिच्याकडे गंभीरपणे बघत राहिला. "मग? उत्तर काय तुझं?"

डेल्फीननं अंदाज बांधला. पुरुषाचं असं तोंड तिनं पूर्वी पाहिलं होतं. "लग्न? तुझ्याशी? अरे, माझे नवरे कितीही नालायक असले तरी कांदा खाऊन मागणी घालायला आले नव्हते."

"मी लग्नाचं विचारलंच नाही," तो हळूच म्हणाला. "या कानानं तुला काही ऐकू येतं का, एवढंच विचारलं."

 इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित गेलं, आणि गेलं ते या थिल्लर माणसाच्या हाती. सॉल त्यांच्याकडेच येत होता. तिनं क्लिफर्डची बाही घट्ट धरली. विनवणी करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे नुसतीच धरून राहिली.

"काय रे," सॉल म्हणाला, "असं काय सांगितलंस तिला? मलासुद्धा भरून आलं."

सगळा सेट कान टवकारून उभा. क्लिफर्डनं एकदा बाहीवरच्या हाताकडे पाहिलं.

"मी म्हटलं, सॉलनं तुला आणखी पाच वर्षं बांधून घ्यायचं ठरवलंय. झालं, धाय मोकलून रडली बिचारी."

 दिवेवाले हसले, ऑटो हसला, आणि इतक्या माणसांसमोर तोंड पाडून उभं राहणं सॉललाही परवडेना.

"पाच फार होतात," तो गुरगुरला. "तीन देतो."

डेल्फीनचे डोळे वाहत होते, आणि या खेपेला ते कुणी सांगितलं म्हणून नाही. तिनं पालथ्या हातानं नाक पुसलं.

"चार," ती म्हणाली.