सुकन्याचा बर्फ

मुलांनो, डोळे मिटा. आष्टीच्या माळावर मेंढ्यांचा वाडा आहे, असं समजा. म्हाळू नावाचा मेंढपाळ आजारी मेंढी दोन गुडघ्यांत आवळतो, अंगठ्यानं तिचा जबडा फाकवतो आणि बांबूच्या नळीनं औषध घशात ओततो. मेंढी लाथा झाडते, डोळे फिरवते. म्हाळू ढिला पडत नाही. सोडली तर ती मरेल, हे त्याला ठाऊक असतं.

आता डोळे उघडा. म्हाळू शहरातल्या दवाखान्यात आहे आणि त्याच्या गुडघ्यांत त्याची नऊ वर्षांची मुलगी सुकन्या आहे.

सुकन्याच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढली होती. उरलेल्या पेशी मारायला आज फार जहाल औषध द्यायचं होतं. ते हाडांतला रक्त बनवणारा गरही जाळून टाकतं. म्हणून तिच्याच रक्तातल्या मूळपेशी आधी काढून गोठवल्या होत्या. त्या तिला नंतर परत मिळणार होत्या. पण हे औषध तोंडही सोलून काढतं. ते चालू असेपर्यंत तोंडात बर्फ धरला, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोचतं. शेजारच्या खोलीतल्या हरिओमनं हेच औषध घेताना बर्फ थुंकून टाकला होता. आता पाण्याच्या घोटालाही तो किंचाळायचा.

औषध सुरू झालं. तोंडातल्या बर्फानं दातांतून कळ गेली आणि सुकन्यानं तो थुंकला. म्हाळूनं तिचा जबडा फाकवून दुसरा खडा कोंबला. तिनं लाथ मारली. सलाईनचा स्टँड भिंतीवर आदळला.

"आप्पा, सोड! मी काय मेंढी हाय का?"

"मेंढी बरी! तिला कळतं कवा गप बसायचं!"

सुकन्यानं त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. चादरीवर रक्त सांडलं.

बबिता सिस्टर धावत आली. "सोडा तिला! छातीतली औषधाची नळी उपटेल!" तिनं म्हाळूला बाजूला ओढलं, अंगठ्याला पट्टी बांधली. "सुकन्या, अजून वीस मिनिटं. बर्फ तुलाच धरावा लागेल. जबरदस्तीनं नाही होत ते."

भिंतीपलीकडून हरिओमची किंकाळी आली.

सुकन्यानं भांड्यातला एक खडा उचलून आप्पाच्या पट्टीवर ठेवला.

"लई लागलं का?"

"लांडगा परवडला," म्हाळू म्हणाला.

मग तिनं दुसरा खडा उचलला, तोंडात टाकला आणि ओठ गच्च मिटले.