मापाचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. उंचीने जेमतेम वीतभर, पण माझ्यावर एका राजाच्या किल्ल्याचा आख्खा दरवाजा मावला आहे. तेव्हा मला लहान समजू नका.

ऐतिहासिक नाटकांचे देखावे आधी माझ्यासारख्या कागदावर जलरंगात उतरतात आणि मग रंगमंचामागच्या मोठ्या कापडी पडद्यावर. मला एका नेपथ्यकार बाईने रंगवले. दरवाजा किती उंच हे कळावे म्हणून तिने त्याच्या पायथ्याशी बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस काढला. असा मापाचा माणूस कागदावरच राहतो. तो पडद्यावर काढायचा नसतो.

पडदा रंगवायचे काम तिच्या वडिलांकडे होते. चाळीस वर्षे त्यांनी तेच केले होते. आता नजर अधू झाली होती आणि हा त्यांचा शेवटचा पडदा होता. त्यांनी माझ्यावर पेन्सिलीने चौकोन आखले, तेव्हा मी रुसलो, खोटे कशाला बोलू? मला नाकाशी धरून ते एकेक चौकोन निरखत आणि जमिनीवर पसरलेल्या कापडावर तो हातभर मोठा करून उतरवत. तीन आठवड्यांनी पडदा वर ओढला गेला. पंचवीस फूट उंच दरवाजा! माझ्यावरचा ठिपक्याएवढा खिळा तिथे ताटाएवढा झाला होता. एवढे सगळे माझ्यात होते, हे मलाच खरे वाटेना.

आणि दरवाजाशी तो माणूस उभा होता, चांगला पुरुषभर उंचीचा.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "आजोबांना दिसत नाही, त्यांना काम द्यायलाच नको होतं. उद्या प्रयोग आहे. पुसा तो."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तो नुसता मापाचा होता हो."

"एवढं कळत नाही होय मला? पण नीट बघ त्याच्याकडे. खांद्यावर फडकं, डावा गुडघा वाकलेला. तू मला काढलंयस. मग मीच मला कसा गाळू?"

तिने पाहिले. माप म्हणून प्रत्येक चित्रात ती नकळत त्यांनाच काढत आली होती. ती दिग्दर्शकाकडे वळली.

"पहारेकरी आहे तो. पुसणार असाल, तर जाहिरातीतलं माझं नावही पुसा."

माणूस राहिला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर उजेड पडला. प्रेक्षकांची नजर आधी त्या माणसावर गेली, मग त्याच्या डोक्यावरून वर, आणखी वर. सगळे सभागृह चिडीचूप झाले. विंगेत टाचणीला लटकलेला मीसुद्धा भान हरपून पाहत राहिलो. आजोबांना लांबून तो दरवाजा धूसरच दिसत असणार, पण ती शांतता त्यांनी पोटभर ऐकली.

पुढे ओल लागून पडदा कुजला, तिची बाकीची चित्रेही खराब झाली. आजोबाही गेले. फोटो काढायचा म्हटले की ते उठून जात, त्यामुळे त्यांचा एकही फोटो घरात नाही. मुलगी मला उन्हापासून दूर ठेवते आणि हात कोरडे करून कडेनेच धरते. मित्रांनो, जुने कागद हाती आले तर तुम्हीही तसेच धरा. माझ्यावरचा तो माणूस दोन पेरांएवढाच आहे, पण वडिलांना बघावेसे वाटले, तर तिच्याकडे तेवढेच उरले आहेत.