बेरमेतच्या पाळण्यातला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. वीतभर काचेची नळी, पोटात लाल धागा आणि अंगावर आकडे. मित्रांनो, एवढीच माझी इस्टेट. स्वभाव म्हणाल तर पक्का भित्रा. कारखान्यात मला आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवले, तेव्हा माझ्या शेजारची नळी तडकन फुटली. तो आवाज अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

पुढे मी नारीनच्या डोंगरातल्या एका गावच्या शाळेत आलो. मुलांनी मला चहात बुडवले, काखेत धरले, एकाने तर घोड्याच्या तोंडात घालून पाहिले. दर वेळी वाटे, आता संपलो. पण विज्ञान शिकवणाऱ्या बुरुलबाई मला स्वतःच्या रुमालात गुंडाळून ठेवत. "या शाळेत खरं बोलणारा हा एकटाच," असे त्या मुलांना सांगत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

एका हिवाळ्यात बाईंना मुलगी झाली. तिचे नाव बेरमेत. तिचे चाळीस दिवस पुरे झाले, शाळेला सुट्टी लागली आणि मी बाईंच्या घरी आलो. बाईंचा नवरा मेदेर खिंडीपलीकडे मेंढ्या घेऊन राहत होता. तो बायको, मुलगी आणि आपली आई उमसुनाय यांना न्यायला येणार होता. वाट चार तासांची, बर्फावरून, घोड्याच्या घसरगाडीतून. तान्हीचा पाळणा कशात गुंडाळायचा, यावरून सासूसुनेत जुंपली. उमसुनायने स्वतः लोकर भिजवून, लाटून केलेला जाड नमदा पुढे केला. बाईंनी बाजारातून फुगीर, चकचकीत रजई आणली होती.

"प्लास्टिकच्या पोत्यात घालणार होय माझ्या नातीला?"

"अपा, भांडायचं कशाला? मोजूनच बघू," बाई सासूला म्हणाल्या.

"मोजा की, मास्तरीणबाई. माझ्या मेंढ्या नाही भीत तुमच्या परीक्षेला."

बाईंनी पत्र्याच्या तीन डब्यांत सारखेच गरम पाणी भरले. एकाला नमदा, एकाला रजई, एकाला सुती गोधडी गुंडाळून तिन्ही तासभर अंगणातल्या बर्फावर ठेवायचे ठरले. तेवढ्यात बेरमेत रडू लागली. बाई तिला पाजायला आत गेल्या आणि गुंडाळायचे काम उमसुनायकडे आले.

त्या घरात पाहुण्याला बसायला नमदा कायम दुहेरी घालत. एकेरी घातला तर उमसुनायला मेल्याहून मेल्यासारखे होई. तिच्या हातांनी सवयीने नमद्याची दुहेरी घडी केली आणि डब्याभोवती लपेटली. रजई आणि गोधडी मात्र एकेरीच राहिली. मी ओट्यावरून सगळे पाहत होतो. लबाडी नव्हती ती, मित्रांनो. तिच्या ते ध्यानातही आले नाही.

तासाभराने तिने एकेका डब्याचे तोंड जरासे उघडले आणि बाईंनी मला आत बुडवले. गोधडीत अडतीस, रजईत एकावन्न, नमद्यात अठ्ठावन्न. मी दाखवले ते खरेच होते. पण मला तोंड कुठे होते?

"हरले मी, अपा," बाई हसून म्हणाल्या. रजई बोचक्यात तळाशी गेली.

निघायच्या सकाळी उमसुनाय आधीच घसरगाडीत जाऊन बसली होती. दुहेरी नमदा पाळण्याला पुरेना, म्हणून बाईंनी तो एकेरीच गुंडाळला आणि मला बेरमेतच्या कुशीशी ठेवले. "वाटेत बघता येईल," त्या पुटपुटल्या.

आत अंधार होता. सुरुवातीला मी चोवीसवर होतो. खिंडीत वारा लागला तसा माझा धागा खाली सरकू लागला. एकोणीस, मग पंधरा. बेरमेत आधी रडली, मग कण्हली, मग गप्प झाली. त्या गप्प होण्याने माझा जीव अर्धा झाला. तिला थंडी किती वाजते आहे, हे त्या डोंगरात फक्त मला ठाऊक होते.

"जरा उघडून बघू का?" बाईंचा आवाज आला.

"उघडू नकोस, वारा शिरेल," मेदेर म्हणाला. "तूच मोजलंस ना? मग झालं."

बारा. नऊ. इतक्यात पाळण्यावर एक हात आला. कडा चाचपता चाचपता तो थांबला.

"पोरी, हा एकेरी घातलास?"

"दुहेरी पुरेना, अपा."

उमसुनायने मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"मेदेर, गाडी थांबव."

"इथं? खिंडीत?"

"थांबव म्हणते ना. डब्याला मी दुहेरी घातला होता. चूक माझी आहे."

नमदा उघडला. बाईंनी मला पाहिले. मी सातवर होतो. बेरमेतचे ओठ निळे पडले होते. उमसुनायने त्या वाऱ्यात कोटाची बटणे सोडली आणि नातीला उघड्या छातीशी धरले. बाईंनी बोचक्यातून रजई ओढून दोघींभोवती गुंडाळली आणि वर नमदा घातला. त्या घाईत मी फळीवर आपटलो आणि पोटातला धागा तुटला. मला त्याचे काही वाटले नाही. मी रजईकडे कान लावून पडलो होतो. कितीतरी वेळाने आतून बारीक रडणे ऐकू आले.

बेरमेत जगली, पण महिनाभर दवाखान्यात होती. आता ती नऊ वर्षांची आहे आणि धावली की तिच्या छातीतून शिट्टी वाजते.

माझा धागा तुटलेलाच आहे. मोजायला नवे तापमापक आले आणि मी खणात पडून असतो. पण दर हिवाळ्यात बाई वर्गात तीन डबे मांडतात, तेव्हा उमसुनाय काठी टेकत येते आणि पहिल्या बाकावर बसलेल्या बेरमेतसमोर मुलांना सांगते, "मी घडी केली आणि बोलले नाही."

मित्रांनो, काचेला जपा, पण मोजताना तुमच्या हातांनी काय केले, तेही लिहून ठेवा. आम्हाला फक्त आकडा सांगता येतो. पाळण्यात कुणीतरी झोपलेले असते, आणि ते तुमच्या आकड्यावर विसंबलेले असते.