मान डावीकडेच का आखडते?

उमरेडच्या चंद्रकलाबाईंनी पस्तीस वर्षं हातमागावर कापड विणलं. माग विकून आठ वर्षं झाली होती, मान मात्र दोन वर्षांपासून आखडली होती. धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाडात दोष नाही म्हणून सांगितलं आणि धनश्रीकडे पाठवलं. ती हातांनी उपचार करायची. स्नायूंभोवतीचं पातळ आवरण जिथे घट्ट झालंय तिथे बोटं टेकवायची आणि ते सैल होईपर्यंत थांबायची.

"मागानंच झालं असंन," पालथ्या पडल्यापडल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या.

धनश्रीलाही आधी तसंच वाटलं. पण मागावर आडवं सूत नेणारा धोटा ओढायचा तो उजवा खांदा चांगला मोकळा होता. सगळा ताण डावीकडे, कानामागून पार बरगड्यांपर्यंत.

"काकू, डावीकडे वळून, पुढे वाकून काय करता तुम्ही?"

"काही नाही वं. स्वयंपाक करतो, टीव्ही पाहतो."

"टीव्ही कुठे आहे?"

"समोरच."

उपचारानंतर मान हलकी व्हायची, आठवडाभरात पुन्हा तशीच. धनश्रीला चैन पडेना. झोपायची कूस विचारून झाली, उशी विचारून झाली, पाणी कोणत्या हातानं भरता तेही.

तिसऱ्या खेपेला ती चंद्रकलाबाईंच्या मागोमाग बाहेर आली. बाकाच्या टोकाला, डावा खांदा भिंतीला लावून त्यांचे यजमान जागेश्वर बसले होते. चंद्रकलाबाई त्यांच्या उजवीकडे टेकल्या, कमरेतून वळल्या, त्यांच्या तोंडासमोरून वाकून भिंतीकडच्या कानात म्हणाल्या, "झालं, चला."

धनश्री जागच्या जागी थांबली. मग तीही पुढून वाकून त्याच कानाशी गेली. "काका, उजव्या कानानं ऐकू येत नाही का?"

जागेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. चंद्रकलाबाई पदर सावरू लागल्या.

"दोन वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "लोकाइले सांगितलं नाही. भिंतीकडं चांगला कान असला की गलका कमी वाटते, म्हणून घरीबी असाच बसतो."

"आणि काकू दिवसभर अशाच वळून बोलतात. मान त्यानंच आखडत असावी."

जागेश्वर बायकोकडे वळले. "मले काहून नाही सांगितलं वं?"

"मलेच कुठं मालूम होतं?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "अन् चारचौघात मोठ्यानं बोललो असतो तर तुमालेच वाईट वाटलं असतं."

ते उठले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. चंद्रकलाबाई आता त्यांच्या डाव्या हाताला आल्या. बोलायला नुसती मान वळवली तरी पुरे होतं, तीही उजवीकडे.

उपचार आणखी दीड महिना चालले. मान पूर्ण नाही, पण बरीच सुटली. शेवटच्या दिवशी धनश्रीनं जागेश्वरांना विचारलं, "कान दाखवला का कुणाला?"

"आज चार वाजताचा नंबर आहे, मागच्याच गल्लीत," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"मले विचारलं ना त्यायनं," जागेश्वर म्हणाले. "मले सांगू दे."